करवतीचा ओटा

सूरमध्ये दुपारी दोनला मी शटर आतून खाली ओढतो
आणि गाडी बाहेर उन्हात राहते.
गाडीची जागा आता करवतीची.
यावर घरात एक आठवडा बोलणं झालं,
पुढचा आठवडा बोलणंच झालं नाही.

मुहूर्त साडेतीन असतात आपल्यात,
तशी माझ्या उजव्या हाताला बोटं साडेतीन, अंगठा धरून.
उरलेलं दीड दुसऱ्याच्या कारखान्यात गेलं,
दुसऱ्याच्या टेबलावर.
ते टेबल एका अंगाला कललेलं होतं
आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

म्हणून हे माझ्या मापाचं.
डाव्या हाताचं.
दुकानातली प्रत्येक करवत उजव्यांसाठी जन्मलेली:
मूठ तिकडे, खटका तिकडे, भुसा मात्र माझ्या तोंडावर.
पुठ्ठा कापून आधी नमुना केला,
त्याच्यासमोर तीन दिवस नुसता हात हलवत उभा राहिलो.
खल्फान, घरमालक, भाडं न्यायला आला, बघून गेला,
भाडं मागायचं विसरला.

शेर वलीच्या वखारीतून
अठरा मिलीच्या मरीन प्लायचे दोन तक्ते
आणि मोडलेल्या गलबताच्या चार फळ्या.
साग आहे, म्हणाला, तुमच्याच देशाचा.
प्रत्येक फळीबद्दल तो हेच सांगतो,
गिऱ्हाईक बघून देश बदलतो.
मी खिळ्यांची भोकं मोजली
आणि भोकामागे शंभर बैसा कमी केले.

फरशीला मोरीकडे उतार.
पाऊस वर्षातून दोनदा, उतार बारा महिने.
लेव्हलमधला बुडबुडा
रुसल्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसतो.
पट्टी मिलीमीटरची, पण तोंडातून निघतं
दोन सूत.
मोरीकडचा पाय दोन सूत अधांतरी.

उंची किती ठेवायची?
हेमांगी दारातूनच म्हणाली,
ओट्यासारखी. कोपर वाकव,
त्याच्याखाली एक वीत.
माहितीपत्रकात नऊशे मिली होतं.
तिची वीत, माझं कोपर: आठशे साठ.
तेच केलं.

करवत मधोमध बुडवली,
दोन्हीकडे गलबताच्या फळ्या,
सगळं एका पातळीत, नख फिरवलं तर अडकू नये इतकं.
मागे भुशाला हुडा,
जुन्या एसीच्या पत्र्याचा.
गुडघ्याशी लाल बटण, आवळ्याएवढं, नुसतं टेकलं तरी बंद.

आणखी एक माझ्या बाजूला,
ती म्हणाली.
एवढंच मागितलं.
अकरा मीटर वायर लागली
स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत.

शुक्रवारी पहिला काप.
काही मोठं नाही, एक पाचर,
त्याच अधांतरी पायासाठी.
डाव्या हातानं मूठ खाली आणली.
लाकडानं वास सोडला, जुन्या तेलाचा, माशाचा,
कुठल्या कुठल्या बंदरांचा,
साडेतीन बोटं क्लॅम्पच्या मागे, लांब, शहाण्यासारखी.

अर्ध्यात आवाज खाली गेला.
पातं गुणगुणलं, मंदावलं,
लाकडातच थांबलं.
वळून पाहिलं.
दारात ती, हाताला कणीक,
चौकटीवरच्या बटणालाही कणीक.

चालतं,
म्हणाली आणि आत गेली.

मी बराच वेळ काही केलं नाही.
वरच्या दिव्यात भुसा खाली बसत होता.
मग बटण फिरवून सोडवलं, उरलेला काप घेतला.
पातं जिथं रेंगाळलं तिथं
लाकडावर एक काळी रेघ उठली होती.
घासली असती तर गेली असती.

पाचर ठोकली, रेघ बाहेरच्या अंगाला.
बुडबुडा हलला, मधे आला.

मग शटर वर करून
गाडीवर एक मेणकापड टाकून आलो.
तिनं खिडकीतून पाहिलं असावं.
संध्याकाळी चहात आलं होतं.